इंटरव्हलनंतरची गोल्टी

पिक्चर सुटल्यावर कोणी काय बोलायचं, हे संतोषने घरातून निघतानाच ठरवून दिलं होतं. त्याने स्वतः 'अप्रतिम' म्हणायचं, बायकोने, मंजुषाने, 'डोळ्यांत पाणी आलं' म्हणायचं, मुलीने, सृष्टीने, नुसतं लाजायचं आणि त्याच्या आईने, म्हणजे सगुणाबाईंनी, काहीच बोलायचं नाही.

"काहीच नाय?" सगुणाबाई म्हणाल्या. "मंग मला नेतो कशाला?"

"आई, सृष्टीचं जमत आलंय. पिक्चर गोरक्षशेठनी काढलाय, हिरो त्यांचा समर्थ आहे. एक दिवस गप्प बसलीस तर काय बिघडेल?"

गोरक्षशेठ म्हणजे चांदवडचे कांद्याचे बडे व्यापारी. मुलाची हौस म्हणून त्यांनी गोष्टही न विचारता पिक्चर काढला होता. त्याचं नाव मी सांगणार नाही, उगाच जाहिरात नको. समर्थ मात्र गुणी मुलगा होता, आणि सृष्टीला तो मनापासून आवडला होता. तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त आजीच्या कानात सांगितलं होतं, "आजी, मला हाच पाहिजे." त्यामुळे सगुणाबाईंनी गप्प बसायचं कबूल केलं.

आणि शब्द पाळला हो त्यांनी! थिएटरच्या दारात गोरक्षशेठ शाली घेत आणि हार घालून घेत उभे होते. ते काही आत आलेच नाहीत. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "काय मावशी, कसा वाटला?" तर सगुणाबाईंनी नुसते हात जोडले. संतोषला हायसं वाटलं. पण घरी आल्यावर त्या गच्चीवर गेल्या आणि त्यांनी बहिणीला, नवसाबाईला, व्हॉइस मेसेज पाठवला. या दोघी बहिणी लहानपणी चांदवडच्या जत्रेत तंबूतले पिक्चर बघून वाढलेल्या. एकीने बघितला की दुसरीला खरं खरं सांगायचं, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. तो मोडायचा म्हणजे काय? सगुणाबाई देवळात एकवेळ खोटं बोलतील, पिक्चरबद्दल नाही.

"नवसे, ऐक," त्या म्हणाल्या. "वर मोठा माल रचलाय गं, इंटरव्हलनंतर सगळी गोल्टी! हिरोचा बाप नावं पडायच्या आतच मेला. तो सुटला, आपण आडकलो. समर्थ पोरगं गुणाचं हाय, पण तोंडावरची रेघ हलंल तर शपथ! रडतो तसाच, हसतो तसाच, मारतो तसाच. पाचात दीड स्टार. एक गाण्यांना, आन् अर्धा त्या म्हशीला. तिनं मनापासून काम केलंय."

गोल्टी म्हणजे बारका कांदा. व्यापारी ट्रॉलीचा वरचा थर बघून बोली लावतो. मग माल खळ्यावर ओतल्यावर खाली गोल्टी निघाली, की तो वांधा काढतो आणि ठरलेला भाव पाडतो. वांधा काढण्यात गोरक्षशेठसारखा पटाईत माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. त्यांनी वांधा काढला नाही असा शेतकरीच उरला नव्हता म्हणा ना.

नवसाबाईला बहिणीचा एवढा अभिमान वाटला, की तिने तो मेसेज तिच्या सुनेच्या, जावेच्या आणि शेवटी कांदा उत्पादकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या थोरल्या बहिणीचा रिव्ह्यू. जरूर ऐका.'

सोमवारी कांद्याच्या लिलावात गोरक्षशेठ पहिल्या ट्रॉलीजवळ गेले आणि सवयीप्रमाणे कांदे हाताने उकरू लागले. ट्रॉलीवर बसलेला चंदर हसून म्हणाला, "शेठ, वरवर नका बघू. इंटरव्हलनंतर काय निघतं ते बघा!"

सगळा बाजार हसला. दुसऱ्या ट्रॉलीवाल्याने विचारलं, "म्हशीला वेगळा भाव देणार का, शेठ?" शेठनी बोली अर्धवट सोडली आणि गाडीत बसून संतोषला फोन लावला. आईने दुसरा मेसेज करून शब्द मागे घ्यावेत, नाहीतर सोयरीक विसरा, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मेसेज मात्र त्यांनी स्वतः ऐकलाच नव्हता.

झालं! संतोष घरी येऊन डोकं धरून बसला. मंजुषा रडवेली झाली. सृष्टी आजीच्या पायाशी येऊन बसली, आणि तेच सगुणाबाईंना जास्त लागलं.

"आई, बोल ना एकदा, पिक्चर चांगला आहे म्हणून!"

"नाय बोलणार. त्या पोराचं लग्न वायलं, पिक्चर वायला. मी पोराला नाव ठेवलं का?"

"रेघ हलत नाही म्हणालीस!"

"मंग हलती का? तूच सांग ना!"

बरं, बाई खोटं काय बोलली होती? पण सृष्टीचा चेहरा बघून सगुणाबाईंनी फोन हातात घेतला आणि नवसाबाईच्या ग्रुपसाठी मेसेज भरला. "राम राम मंडळी," त्या म्हणाल्या. "गोरक्षशेठ सांगत्यात, पिक्चर लय चांगला हाय. त्यांनी सांगितलं म्हणून मी सांगते. सगुणाबाई, नाशिक."

हा मेसेज पहिल्यापेक्षा दुप्पट फिरला. चांदवडहून थेट त्र्यंबकेश्वरपर्यंत गेला. बुधवारी सकाळी गोरक्षशेठ समर्थला घेऊन संतोषच्या दारात उभे राहिले.

"मावशी," ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "माझ्या पोराच्या मेहनतीची तुम्ही चेष्टा लावलीय. आज काय तो निकाल लागू द्या. शब्द मागं घेता का नाय?"

समर्थ मान खाली घालून उभा होता. सृष्टीने स्वयंपाकघराच्या दारातून आजीकडे पाहिलं.

"नाय घेणार," सगुणाबाई ठामपणे म्हणाल्या. "तुमच्या बाजाराची रीत काय हाय, शेठ? वांधा निघाला की काय करतात?"

"माल पुन्हा ओततात. दोघांनी उभं राहून बघायचा."

"मंग चला. मी वांधा काढलाय. ओता तुमचा माल."

आता व्यापारी माणूस सगळ्याला नाही म्हणेल, वांध्याला नाही म्हणत नाही. नाशिकला कॉलेज रोडच्या थिएटरात पिक्चरचा एकच दुपारचा खेळ शिल्लक होता. सगळे मिळून गेले. हॉलमध्ये यांच्याशिवाय एक जोडपं होतं, तेही अगदी मागच्या कोपऱ्यात.

दिवे गेले न गेले तोच गोरक्षशेठना बाजारातून फोन आला आणि ते बाहेर गेले. परत आले तेव्हा हिरो मोठा झालेला होता. मग ते छाती काढून बसले. दोन गाण्यांवर त्यांनी पायाने ठेका धरला. इंटरव्हलला सगळ्यांना स्वतःच्या हाताने पॉपकॉर्न दिले आणि सगुणाबाईंना म्हणाले, "बघा, बघा. कुठंय गोल्टी?"

"इंटरव्हल आत्ता झालाय, शेठ," सगुणाबाई म्हणाल्या.

इंटरव्हलनंतर विसाव्या मिनिटाला हॉलमध्ये एक नवाच आवाज येऊ लागला. मंजुषाला वाटलं, स्पीकर बिघडला. समर्थने वाकून पाहिलं. गोरक्षशेठ, पिक्चरचे निर्माते, तोंड उघडं टाकून घोरत होते. पडद्यावर बंदुका सुटल्या, म्हैस उधळली, हिरोचं धूमधडाक्यात लग्न लागलं, तरी शेठ हलले नाहीत. संतोष त्यांना उठवायला निघाला, पण सगुणाबाईंनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

दिवे लागले तसे शेठ दचकून जागे झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"संपला?" त्यांनी विचारलं.

"संपला."

शेठनी रुमालाने तोंड पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, वांधा मान्य. पण शेवट तरी बरा होता का?"

"तोच तर मला आजाबात पटला नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "पोरापोरीचं एकमेकांवर मन, सगळं चांगलं जुळलेलं. आन् शेवटी हिरोचा बाप मानपानावर आडून बसतो आन् लग्न मोडतो. असा बाप कुठं असतो व्हय, शेठ?"

शेठ विचारात पडले. "नाय," ते म्हणाले. "असा बाप खरा नाय वाटत. मी तर कधी असं केलं नसतं." मग त्यांनी समर्थकडे वळून विचारलं, "असला शेवट ठेवलाय व्हय रे?"

सृष्टीने आजीचा पदर घट्ट धरला. हिरोचा बाप नावं पडायच्या आतच मेला होता. शेठ तेव्हा बाहेर फोनवर होते.

समर्थने बापाच्या डोळ्यांत डोळे घालून शांतपणे सांगितलं, "हो पप्पा. बाप फार हट्टी दाखवलाय. लोकांना नाही आवडला."

"मग बरोबरच आहे लोकांचं," गोरक्षशेठ म्हणाले. "संतोषराव, साखरपुड्याची तारीख काढा."

घरी आल्यावर सगुणाबाई गच्चीवर गेल्या. सृष्टीने मागून येऊन त्यांना मिठी मारली, तरी त्यांनी बोटाने बटण दाबून धरलंच होतं.

"नवसे, ऐक. पोराला ॲक्टिंग येती गं! सख्ख्या बापापुढं बोलला, आन् तोंडावरची रेघ नाय हलली. त्याचा अर्धा स्टार वाढव. पिक्चर मात्र हाय तिथंच हाय. आन् हे कुठं फॉरवर्ड केलंस, तर साखरपुड्याला बोलावणार नाय!"