उरलेला गणपती

पेणमध्ये हरेश म्हात्रेला सहाव्या प्रयत्नात जागा मिळाली, ती गणपतीसकट.

आधीच्या पाच खोल्यांच्या मालकांनी पाच वेगवेगळ्या कारणांनी नाही म्हटलं होतं. पहिल्याला घरात म्हातारं माणूस नको होतं. "उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी?" असं तो हरेशच्या आईसमोरच म्हणाला. दुसऱ्याला कंपनीचं पत्र हवं होतं आणि हरेश तर रोज सकाळी नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा. तिसऱ्याने आधार कार्डावरचं खाडीकाठचं गाव वाचलं, "म्हणजे रोज सुकी मासळी असणार," असं स्वतःशीच बोलला आणि दार लावून घेतलं. चौथ्याने उद्या या म्हणून सांगितलं, ते चार वेळा सांगितलं. पाचव्याने काही कारणच दिलं नाही. पाचांत तोच सरळ माणूस म्हणायचा.

गावाला घर होतं, शेतही होतं. पण उधाणाला खाडीचा बांध फुटला, खारं पाणी आत आलं ते पुन्हा पुन्हा येत राहिलं, आणि तीन वर्षांत भाताचा एक दाणा पिकला नाही. शेवटी हरेश, त्याची बायको शांती, आई बायजाबाई आणि चौथीतली ऋतुजा अशी चौघं पेणला आली आणि गावचाच टेम्पोवाला पोपट याच्या ओट्यावर पथारी टाकून राहिली. ऋतुजाला शाळेत बसू दिलं होतं, पण मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "पत्त्याचा कागद आणून द्या. ओट्याला पत्ता नसतो."

सहावी जागा पोपटनेच दाखवली. त्याच्या घरामागे मूर्तींचे कारखानदार दत्तात्रेयशेठ यांची पत्र्याची शेड होती. हंगाम सरला होता. शेडमध्ये एक साडेपाच फुटी गणपती तेवढा उरला होता. कुठल्याशा मंडळाने ठरवला आणि न्यायला कोणी आलंच नाही. प्लास्टिक पांघरून तो सिंहासनावर बसून होता. त्याच्या उजव्या हाताला दहा बाय बाराचा कोपरा मोकळा होता.

"भाडं नको," शेठ म्हणाले. "रात्री राखण करा, दिवसा कारखान्यात हात लावा. कागदबिगद मात्र मागायचा नाय."

"पण शेठ," हरेशने प्लास्टिककडे बघत विचारलं, "देवासमोर आमी रांधायचं कसं? आमच्यात सुकट-बोंबील रोजचं."

शेठ हसले. "अरे, देव कुठला? माल आहे तो. गिऱ्हाइकाकडे गेला, पूजा झाली, की मग देव. तोपर्यंत माल. तू बिनधास्त बोंबील भाज."

हरेशला हे पटलं. डोक्यावर पत्रा मिळत असेल तर माणसाला बरंच काही पटतं. शांतीनेही दोन दिवसांत पटवून घेतलं आणि ओल्या साड्या वाळत घालायला सिंहासनाच्या मागच्या बाजूला दोरी बांधली. बायजाबाईंना मात्र ते पटेना. त्या भिंतीकडे तोंड करून जेवायच्या.

"आई, माल हाय तो," शांती म्हणायची.

"मालाला डोळे असतात काय गो? बघतंय तो माझ्या ताटात."

बिघडलं ते चुलीमुळे. गॅस नव्हता, कारण गॅसला पत्ता लागतो. शेडमध्ये चूल, आणि धूर जायला जागा नाही. तीन आठवड्यांत प्लास्टिक काळं झालं आणि एका जागी फाटलं. त्या फटीतून धूर आत शिरला आणि गणपतीच्या सोंडेवर, गालावर काजळी धरली. राखणीला ठेवलेल्या माणसांनी मालाचं तोंड काळं केलं म्हटल्यावर शेठ उद्याच बाहेर काढतील. ती काजळी काढायला बायजाबाईंनी ओलं फडकं घेतलं आणि सोंडेपासून पायापर्यंत मूर्ती हलक्या हाताने पुसून काढली. इथपर्यंत सगळं शेठच्या मालाच्या काळजीपोटीच चाललं होतं.

पण न्हाऊ घातलेल्या देवाला कोरडं कपाळ कसं ठेवायचं? बायजाबाईंनी कुंकू लावलं. कुंकू लावलं तर फूल हवं. पोपटच्या कुंपणाला जास्वंद होतीच. फूल वाहिलं आणि दिवा नाही, हे त्यांच्या जन्मात कधी झालं नव्हतं. आणि दिवा लावल्यावर देवाला उपाशी ठेवायचं? त्या दिवशी बोंबील रद्द झाले आणि तांदळाच्या पिठाच्या घावनांचा नैवेद्य झाला. हरेश कामावरून आला तेव्हा त्याची आई आरती म्हणत होती आणि ऋतुजा ताटलीवर चमचा वाजवत होती.

"आये, हे काय केलंस?"

"न्हाऊ घातला देवाला. चोरी केली काय?"

"त्याच्याकडं काय मागितलंस तरी?"

"जागा मागितली. दुसरं काय मागू?"

दुसऱ्या दिवशी पोपट आगपेटी मागायला आला, आणि समोर दिवा दिसल्यावर त्याचे हात आपोआप जोडले गेले. महिनाभर गॅरेजमध्ये पडलेला त्याचा टेम्पो त्याच दुपारी एका झटक्यात सुरू झाला. मेकॅनिकने नवी बॅटरी घातली होती, ही गोष्ट तो सांगताना गाळायचा. संध्याकाळी तो नारळ घेऊन आला. मग त्याची बायको आली, मग तिची जाऊ आली, मग समोरच्या चाळीतल्या बायका आल्या. ज्या चाळीने म्हात्र्यांना खोली नाकारली होती, तीच चाळ आता त्यांच्या दारात चपला काढत होती. बायजाबाई सगळ्यांना प्रसाद द्यायच्या. पेणमध्ये आल्यापासून लोक पहिल्यांदाच त्यांना नावाने हाक मारत होते, आणि त्या खूश होत्या.

माघी गणपतीला चार दिवस असताना, इतके दिवस शेडकडे न फिरकलेले दत्तात्रेयशेठ वडखळच्या मंडळाची माणसं आणि उचलायला सहा कामगार घेऊन आले. मूर्तीचा सौदा ठरून आला होता. दारात येऊन बघतात तर मालाच्या गळ्यात हार, पुढे समई आणि भोवती वीसेक बायका.

"हे काय आहे, हरेश?"

वडखळच्या माणसांनी हात जोडले आणि दोन पावलं मागे सरकली. "शेठ, पूजलेली मूर्ती आमी नाय नेणार. आम्हाला नवीन पायजे."

"अरे, म्हातारीने कुंकू लावलंय नुसतं! पुसतो की!"

शेठने रुमाल काढला. पण वीस बायकांसमोर गणपतीचं कुंकू पुसायला हात पुढे जाईना. त्यांनी कामगारांना सांगितलं, "उचला."

कामगारांतला वयस्कर धोंडी तेवढा बोलला, "रोज आरती होतेय, शेठ. आता इसर्जनालाच उचलायचा."

वडखळची माणसं निघून गेली. शेठचा पारा चढला. "उद्या सकाळी शेड खाली करायची. चौघांनी. भांड्याकुंड्यांसकट."

हरेशने त्यांचे पाय धरले. "शेठ, परीक्षा होऊ द्या पोरीची. कुठं नेऊ यांना?" शांती रडायला लागली. बायजाबाई गणपतीकडे बघत राहिल्या, पण तो काही बोलला नाही.

तेवढ्यात संध्याकाळच्या आरतीची वेळ झाली. कामावरून सुटलेले पुरुष आले, पोरं आली, शेड भरली आणि माणसं रस्त्यावर उभी राहिली. आरतीचं ताट फिरून शेठच्या पुढ्यात आलं. त्यात नाणी होती, नोटाही होत्या. शेठ ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावर रुमाल टाकला, डोळे मिटले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात शेवटचं कडवं म्हटलं.

"राहू दे, हरेश," जाताना ते म्हणाले. "देव स्वतःहून बसलाय. त्याला हलवणारे आपण कोण?"

त्या दिवशी म्हात्र्यांच्या घरात जसा आनंद झाला, तसा गाव सोडल्यापासून झाला नव्हता.

पुढच्या पंधरा दिवसांत तर नवलच झालं. तीन महिने एका उसन्या वायरीवर बल्ब जळत होता, तिथे विजेचा मीटर आला. नळ आला. खाली फरश्या बसल्या, पत्र्याला आतून पांढरा रंग लागला, धूर जायला झरोकाही पडला. शांतीने नव्या नळाखाली पहिला हंडा भरला तेव्हा तिला वाटलं, चला, आता आपण पेणचे झालो. मग दारावर पाटी आली. इच्छापूर्ती गणेश मंदिर. खाली बारीक अक्षरात पूर्ण पत्ता होता, पिनकोडसकट.

पाटी लागल्यावर शेठ आले ते दाराबाहेर चपला काढून. आत येऊन त्यांनी नाक वर केलं.

"बोंबील?"

"व्हय, तुमीच बोललेलात," हरेश म्हणाला.

"तेव्हा माल होता. आता देव आहे. देवळात मासळी शिजवतात का, हरेश? लोकांच्या भावना असतात. आणि हा कोपरा नारळ-हारांच्या दुकानाला दिलाय मी."

"आमी मासळी सोडतो, शेठ."

"मासळीचं नाही रे. देवळात संसार कसा ठेवायचा?"

हरेशने मग वाद घातला नाही. त्याने फक्त एक मागणं मागितलं. "तीन महिने हितं राहिलो, एवढं लिहून द्या. शाळेत पत्ता लागतोय पोरीला."

शेठना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "कसं लिहू? मंदिरात कोणी राहत नाही, हरेश."

सामान पोपटने टेम्पोत घातलं आणि भाडं घेतलं नाही. निघताना बायजाबाई दारापर्यंत गेल्या. आत गर्दी होती. नव्या दुकानातल्या मुलीने त्यांना ओळखलं नाही. "आजी, हार घ्या, नवसाला पावतो," ती म्हणाली. बायजाबाईंनी नुसती मान हलवली. जागा त्यांनीच मागितली होती. कोणासाठी, ते सांगायचं राहून गेलं होतं.

रोह्यात हरेशला एका कंपनीत कंत्राटावर माती उपसायचं काम मिळालं. ऋतुजाची चौथी अर्धीच राहिली. जागा पुन्हा पोपटच्याच ओळखीने मिळाली. पेणहून मूर्ती आणून विकणाऱ्या एका माणसाचा गाळा होता. मागच्या भिंतीला फळ्या, फळ्यांवर उरलेले गणपती, आणि पुढे चार माणसं आडवी होतील एवढी फरशी.

"भाडं नको, मालावर लक्ष ठेवा," मालक म्हणाला. मग पेणची हकीकत त्याच्याही कानावर आलेली असावी, कारण त्याने हळूच विचारलं, "तुमी फार देवधर्मवाले नाय ना?"

"नाय, शेठ," हरेश म्हणाला. "आमी कुनाला मानत नाय."

मालकाने बायजाबाईंकडे पाहिलं. साठ वर्षांत एकही चतुर्थी न मोडलेल्या बायजाबाईंनी खाली बघून नाही म्हणून मान हलवली.

मालक गेला. शांतीने चूल मांडली. खालच्या फळीवरच्या एका लहान गणपतीवरचं प्लास्टिक घसरलं होतं. ऋतुजा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, चपला बाजूला सारल्या, डोळे मिटले आणि हात जोडले.

बायजाबाई कधी नव्हे त्या धावल्या आणि त्यांनी पोरीच्या हातांवर फाटकन चापट मारली.

"हात खाली कर गो! माल हाय तो!"