डाव्या कुशीवरची उचकी

पेसमेकरचं सेटिंग बदलून आल्यापासून कोच भलतेच खुशीत होते. आयुष्यभर पोरांना मैदानाभोवती पळवणाऱ्या या माणसाला गेलं वर्षभर बूट घालतानाही धाप लागायची. दवाखान्यातल्या तंत्रज्ञबाईंनी छातीवर एक चपटं यंत्र ठेवलं, पडद्यावर दोन-चार आकडे बदलले आणि म्हणाल्या, "आता हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालतील." खरोखरच कोचनी घरी येऊन अख्खा अग्रलेख एका दमात मोठ्याने वाचला. घरातल्या कुणीही तो मागितला नव्हता.

जेवण करून ते डाव्या कुशीवर आडवे झाले आणि उचकी लागली. थांबेचना. पाणी झालं, साखर झाली, श्वास रोखून झाला. तीन दुपारी हेच.

चौथ्या दिवशी सून म्हणाली, "बाबांना घाबरवून बघू का?"

"हार्टच्या माणसाला घाबरवतेस?" सासूबाईंनी डोळे वटारले.

"हळूच घाबरवते."

ती दारातून ओरडली, "बाबा, नळ फुटला!" कोच ताडकन उठून न्हाणीघरात धावले. नळ धडधाकट होता आणि उचकी गायब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते परत आडवे झाले. "उचक्!"

आता मात्र कोचचं कुतूहल जागं झालं. बसलं की बंद, डावीकडे वळलं की चालू. त्यांनी सुनेला नाडी धरायला लावली आणि स्वतः घड्याळ लावून उचक्या मोजल्या. मिनिटाला सत्तर. नाडीही सत्तर. पुन्हा मोजलं, पुन्हा सत्तर.

"इतक्या शिस्तीत तर माझी पोरंसुद्धा कधी पळाली नाहीत," ते म्हणाले. "ही उचकी माझी नव्हे, यंत्राची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात खुर्चीवर बसल्यावर अर्थातच एकही उचकी आली नाही. "सगळं उत्तम आहे," तंत्रज्ञबाई म्हणाल्या. कोच न विचारता तपासणीच्या टेबलावर चढले आणि डावीकडे वळले. "उचक्! उचक्!"

बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "अहो, दर ठोक्याला! हृदयाच्या डाव्या बाजूच्या पेसमेकरच्या तारेजवळून श्वासपटलाची नस जाते. डावीकडे वळलात की तिलाही धक्का बसतोय, म्हणून उचकी."

"मग जुनं सेटिंग करणार?" कोचचा आवाज बारीक झाला. "पुन्हा धाप?"

"छे! त्याच तारेवरच्या दुसऱ्या टोकावरून ठोका देऊ. ताकद तीच राहील."

दोन मिनिटांत काम झालं. त्या दुपारी कोच डाव्या कुशीवर गाढ झोपले. जाग आली तेव्हा बायको उशाशी बसली होती.

"झोपली नाहीस?"

"झोपच लागेना. आजारपण आल्यापासून दहादा उठून तुमच्या नाकाशी हात धरायचे. या तीन दुपारी उचकी ऐकू यायची, म्हणून वर्षात पहिल्यांदा निवांत झोपले होते." तिने अवघडत विचारलं, "त्या बाईंना सांगून अगदी थोडीशी ठेवता येईल का हो?"