ज्येष्ठांचा आदर : वीस गुण

चीनमधल्या तायुआन शहरातल्या आमच्या विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना नाताळाची खडान्‌खडा माहिती इंग्रजीत सांगता येते, पण घरच्या सणाचं विचारलं की त्यांची दातखीळ बसते, असं एका पाहणीत सिद्ध झालं. उपाय म्हणून ‘चिनी संस्कृती, इंग्रजीतून’ हा विषय सक्तीचा झाला आणि तो माझ्या गळ्यात पडला.

सातवं प्रकरण ‘ज्येष्ठांचा आदर’. त्याची परीक्षा आणि छ्याओ रुन या विद्यार्थिनीच्या आजीचा ऐंशीवा वाढदिवस नेमके एकाच दिवशी आले.

“सर, आजीनंच वाढवलंय मला,” रजेचा अर्ज देत रुन म्हणाली. “वाढदिवसाला दीर्घायुष्यासाठी खायच्या लांब शेवया ती मी समोर बसल्याशिवाय तोंडाला लावत नाही.”

मी अर्ज उपअधिष्ठाता हौ मॅडमकडे नेला.

“थान, आदराच्या परीक्षेला दांडी मारून आदर करायचा?”

“मॅडम, म्हातारी ऐंशीची आहे.”

“वाढदिवस दरवर्षी येतो. मूल्यांकन समिती पाच वर्षांतून एकदा येते. गैरहजर म्हणजे नापास!”

अर्जावर ‘संस्कृतीच्या हितार्थ नामंजूर’ असा शिक्का बसला. रुननं घरी कळवलं. आजी म्हणाली, मग मीच येते.

परीक्षा सुरू झाली आणि फाटकावरच्या वॉचमनचा मला फोन आला.

“थान सर, एक आजीबाई आल्यात, चार तास बसनं. ॲपवर नोंदणी नाही, यंत्र चेहरा ओळखत नाही.”

मागून आवाज आला, “यंत्राला कशाला तोंड दाखवू, मेल्या? नातीला दाखवायला आलेय!”

“तुम्ही येऊन सही करा सर, लगेच सोडतो.”

पर्यवेक्षकानं हॉल सोडायचा नाही, हा नियम चार. परीक्षार्थीशी बोलायचं नाही, हा नियम पाच. मी म्हटलं, “थांबवून ठेव. आणि जरा आदरानं वाग.”

मग रुनच्या बाकापाशी गेलो. ती सुरेख इंग्रजीत लिहीत होती, की आमच्याकडे वडीलधाऱ्यांना दारात तिष्ठत ठेवत नाहीत. मला लाज वाटली. मी पुढच्या बाकाकडे सरकलो.

पेपर संपल्यावर रुन धावत फाटकाशी पोचली. आजी परतीची एकमेव बस गाठायला निघून गेली होती. वॉचमनकडे ठेवलेल्या डब्यात शेवयांचा गोळा झाला होता. रुन तिथेच पायरीवर बसून रडली.

समितीनं तिची उत्तरपत्रिका आदर्श म्हणून काचेच्या कपाटात लावली. वीसपैकी वीस.

माझी चीड आली ना? येऊ द्या, मलाही येते. फक्त एवढं सांगा, तुमच्या आजीच्या गेल्या वाढदिवसाला तुम्ही तिच्या ताटाशेजारी बसला होतात, की मोबाईलवर केकचं चित्र पाठवून मोकळे झालात? तुम्हाला तर कुठली परीक्षाही नव्हती.