पान कोण हलवतंय

शायनी टीचरने पोलिसांनी धरल्यासारखे दोन्ही हात वर केले आणि ती म्हणाली, "सजीवेट्टा, नीट बघा. माझे हात कुठे आहेत?"

"वर," तिचा नवरा सजीवन म्हणाला.

"माउस कुठे आहे?"

"टेबलावर."

"मग पान कोण हलवतंय?"

सजीवनने चष्मा कपाळावर नेऊन पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरचं पान आपल्याच मर्जीने खाली चाललं होतं. चार ओळी गेलं, थबकलं, पुन्हा दोन ओळी गेलं. सजीवन पाणीपुरवठा खात्यात होता. आपोआप वाहणारी कुठलीही गोष्ट त्याच्या लेखी गळतीच असायची. त्याने माउसला एक चापटी मारली. पान थांबलं. "झालं," असं म्हणून तो कंजी, म्हणजे भाताची पेज, प्यायला आत गेला आणि त्याची पाठ वळते न वळते तोच पान पुन्हा सरकलं.

एरवी शायनीने हे हसण्यावारी नेलं असतं. पण शनिवारी सकाळी तिचा नमुना पाठ होता, घरूनच, ऑनलाइन, तीन परीक्षकांसमोर. शिक्षकांना संगणक शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची एकच जागा जवळच्या इरिंजालकुड्यात निघाली होती. ती मिळाली तर स्कूटरवरून चारच्या आत घरी. नाही मिळाली तर जूनमध्ये बदली, आणि तीही थेट अट्टप्पाडीच्या डोंगरात. मग घर दिसणार फक्त सुट्टीच्या दिवशी. आणि घरी अच्छन होते. सजीवनच्या वडिलांना, कुट्टप्पनना, जानेवारीत अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं, विशेषतः बोलणं, शाबूत राहिलं. पण उजव्या हाताची बोटं रुसली ती रुसलीच. चहाचा ग्लास हातातून सुटायचा. सजीवनची ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. टीचर डोंगरात गेली तर अच्छनकडे बघणार कोण?

शाळेतले सगळे संगणक लिनक्सवर चालायचे, नमुना पाठही लिनक्सवरच द्यायचा होता, घरचा संगणक मात्र विंडोजवर. म्हणून तिचे सहकारी बेन्नी सार एका रविवारी येऊन विंडोजच्या पोटातच लिनक्सचा दुसरा संगणक बसवून गेले होते. त्याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. "घाबरायचं काही नाही टीचर," पिकल्या केळ्याची भजी खात ते म्हणाले होते, "घर विंडोजचं. आतल्या एका खोलीत लिनक्स भाडेकरू. बस." ते हात धुवायला उठले आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर एक यादी आली. कॅमेरा, प्रिंटर, माउस, यातलं भाडेकरूला काय काय द्यायचं? शायनीने सगळ्यांवर खुणा करून टाकल्या. राहायला आलेल्या माणसाला एक देऊन दुसरं नाकारणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी घरातला जुना बिनतारी माउस मेला. विंडोजमधला बाण जागचा हलेना. सजीवनने त्यात नवे सेल घातले, चापट्या मारल्या आणि शेवटी "गेला" असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तारेचा नवा माउस आला.

मेलेला माउस मात्र वाया गेला नाही. अच्छनच्या बोटांसाठी लिन्सी नावाची फिजिओथेरपिस्ट दर शनिवारी घरी यायची. तिने पिळायला एक रबरी चेंडू दिला होता. "मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे?" असं विचारून अच्छननी तो शेजाऱ्यांच्या विहिरीत टाकला. मग शायनीने तो जुना माउस त्यांच्या हातात ठेवला. "याचं चाक बोटाने फिरवत बसा, अच्छन. जमेल तेवढं." अच्छननी माउस उलटसुलट करून पाहिला, मांडीवरच्या पंचाखाली सरकवला आणि त्यानंतर तो कोणाच्या दृष्टीला पडला नाही. थरथरतं बोट चारचौघांना दाखवायची त्यांची तयारी नव्हती.

"बोट हलवा बघू, अप्पूप्पा," लिन्सी आजोबांना म्हणायची.

"सकाळी हलवलं."

"आत्ता हलवा."

"आत्ता इच्छा नाही."

फाटकापाशी लिन्सी हळू आवाजात सांगायची, "टीचर, व्यायाम करत नाहीत हो ते. आत्ता हललं नाही तर ते बोट कायमचं तसंच राहील." मग सजीवन वडिलांवर चिडायचा, वडील "करतो म्हटलं ना" म्हणून तोंड फिरवायचे, आणि त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवायचं नाही.

अच्छनचं खरं दुखणं तर वेगळंच होतं. वाचनालयाच्या ओसरीवर रोज संध्याकाळी पत्त्यांचा अठ्ठावीसचा डाव बसायचा. दोन-दोन भिडूंच्या जोड्या, आणि हरणाऱ्याच्या कानात फणसाचं पान लटकवायचं. अच्छन आणि वर्की ही जोडी सगळ्या पंचक्रोशीत ठाऊक. आपल्याकडे काय आहे ते भिडूला सांगायचं नाही असा नियम होता. पण वर्कीच्या खोकल्यावरून अच्छनना त्याच्या हातातले पत्ते दिसायचे. आजारपणानंतर ते एकदा गेले, तर पत्ते बोटांतून निसटून सगळ्यांसमोर मांडीवर सांडले. त्यानंतर गेले नाहीत. वर्कीने दुसरा भिडू घेतला ही बातमी त्यांना कोणी सांगायला नको होती. पण ती सांगायला चांगले तिघेजण घरी येऊन गेले.

इकडे पानाचा आजार वाढतच चालला होता. सुरुवातीला ते सकाळी कधीतरी एखादी ओळ घसरायचं. मग दोन-तीन. बेन्नी सारांनी भाडेकरूची सगळी डागडुजी केली. काळ्या खिडकीत आज्ञा लिहिल्या, चाकाचा वेग कमी केला, दिशा उलटी केली, पुन्हा सुलटी केली. प्रत्येक उपायानंतर एक संध्याकाळ शांत जायची आणि सकाळी पान दुप्पट जोमाने पळायचं. विंडोजमध्ये मात्र सगळं स्वस्थ. गुरुवारी सारांनी नव्या माउसचं चाकच भाडेकरूच्या खोलीपुरतं बंद करून टाकलं. "बघू या आता कसं हलतं ते," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी शाळेत जायच्या आधी रंगीत तालीम होती. सार आपल्या घरून शायनीचा पडदा बघत होते आणि फोनवर बोलत होते. पान हललंच.

"सार, आता वरसुद्धा जायला लागलंय," शायनीचा आवाज रडवेला झाला. "इतके दिवस नुसतं खाली जायचं. उद्या परीक्षकांसमोर असं झालं तर मी गेलेच डोंगरात."

"थांबा, थांबा. मला बघू द्या." सारांनी पानाची ये-जा निरखली. मग म्हणाले, "टीचर, हा बिघाड नाही."

"मग काय आहे?"

"बिघाडाला दम लागत नाही. हे चालतंय, मग दम खातंय, मग पुन्हा चालतंय. हे कोणीतरी माणूस आहे."

शायनीने मागे वळून पाहिलं. खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. "सार, सकाळी सकाळी असलं काही बोलू नका."

"त्या यादीत बघा. भाडेकरूकडे माउस किती आहेत?"

"दोन."

"दोन? एक तर मेला ना?" आणि मग सार स्वतःच हसायला लागले. "मेला नव्हता हो तो. तुम्ही तो भाडेकरूला देऊन टाकलात, त्या यादीत खूण करून. घरमालकाच्या हातून गेला म्हणून तुम्ही सुतक पाळलंत. त्याचा तो नखाएवढा रिसीव्हर अजून संगणकाच्या मागे खोचलेलाच असणार. पण टीचर, त्याचं चाक फिरवतंय कोण?"

शायनी फोन कानाला तसाच धरून ओसरीवर आली. खिडकीखालच्या आरामखुर्चीत अच्छन डोळे मिटून बसले होते. मांडीवरच्या पंचाखाली काहीतरी हळूहळू वळवळत होतं.

"सार," ती कुजबुजली, "पान हललं की मला सांगा."

"खाली," सार म्हणाले. पंचा हलला. "खाली. अजून खाली. थांबलं." पंचा थांबला. अच्छननी खोल श्वास घेतला. पंचा पुन्हा हलला. "आता वर चाललंय, टीचर. वर. वर."

शायनी पायरीवर टेकली. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तो एका कारणाने नाही, दोन कारणांनी पडला. संगणक धडधाकट होता. आणि ज्याला ती इतके दिवस वाढता आजार समजत होती, ते बरं होत चाललेलं एक बोट होतं. एखादी ओळ, मग दोन-तीन, मग अख्खं पान. आधी नुसतं खाली, मग वरही. तिला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

अच्छननी डोळे उघडले. "काय झालं मोळे, पोरी? तुझ्या भाडेकरूने पुन्हा काही केलं का?"

"भाडेकरूने नाही, अच्छन. तुम्ही. तुम्ही रोज व्यायाम करत होता."

"मग मी इतके दिवस काय सांगतोय?" अच्छन म्हणाले.

सजीवन लगेच रिसीव्हर उपटायला निघाला. शायनीने त्याला अडवलं. दुसऱ्या दिवशी पाठ झाल्यावर लिन्सी येणार होती, आणि तिला हे जसंच्या तसं पडद्यावर दाखवायचं होतं. पाठ संपेपर्यंत चाकाला बोट लावणार नाही, असा अच्छननी शब्द दिला.

शनिवारी पाठ सुरू झाला. विषय करुवन्नूरची नदी. शायनीने उगमाचा भाग छान समजावून सांगितला, पान पुढे सरकवायला नव्या माउसचं चाक फिरवलं. पान ढिम्म. गुरुवारी बेन्नी सारांनी बंद केलेलं चाक बंदच होतं. शुक्रवारच्या आनंदात ते सुरू करायचं दोघांच्याही डोक्यातून गेलं, आणि सार आत्ता पुतणीच्या लग्नासाठी फोन बंद करून चर्चमध्ये उभे होते. खरं तर बाणाची कळ दाबली असती तरी भागलं असतं. पण अशा वेळी ती आठवते कोणाला?

तिने खिडकीबाहेर पाहिलं. अच्छन दिल्या शब्दाला जागून माउस मांडीवर ठेवून बसले होते.

"तर इथून," शायनी परीक्षकांना म्हणाली, "नदी डोंगर सोडते आणि हळूहळू खाली येते." आणि ती खोकली.

अच्छनच्या भुवया वर गेल्या. जन्मभर खोकल्यावर पत्ते टाकलेला माणूस तो. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं आणि पंचाखाली हात घातला. पान खाली सरकलं. जरा जास्तच सरकलं. "पण आपण थोडं उगमाकडे परत जाऊ या," असं म्हणून शायनी दोनदा खोकली. पान वर आलं आणि नेमकं हव्या त्या चित्रावर थांबलं.

"टीचर, तब्येत बरी आहे ना?" एका परीक्षक बाईंनी विचारलं.

"गार पाणी प्यायले, मॅडम. नदी अजून खाली येते." खोकला. पान खाली.

लिन्सी आज लवकरच आली. ओसरीच्या पायरीवर तिने अच्छनचा पंचा हलताना पाहिला, मान वाकडी करून खिडकीतून पडदा पाहिला आणि ती खांद्याच्या पिशवीसकट जागच्या जागी उभी राहिली. अच्छननी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवून तिला गप्प बसायची खूण केली. नदी समुद्राला मिळेपर्यंत त्या ओसरीवर कोणी हललं नाही.

शेवटी परीक्षक बाई म्हणाल्या, "टीचर, एक सांगू? सकाळपासून सगळ्यांची पानं इतकी भराभरा पळताहेत की डोळे गरगरले. तुमचं पान किती शांतपणे सरकतं. शिकणाऱ्याला असंच हवं."

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. जागा शायनीला मिळाली. अट्टप्पाडी टळली, आणि शायनीने त्या रात्री कित्येक आठवड्यांनी मनसोक्त झोप काढली. बेन्नी सारांनी येऊन रिसीव्हर काढला, यादीतली खूण पुसली, नव्या माउसचं चाक सुरू केलं. आता पान जिथे ठेवावं तिथे राहायचं. सजीवनचं मात्र अजून म्हणणं होतं की थोडाफार गुण त्याच्या चापटीचाही होता.

रिसीव्हर निघाला त्याच संध्याकाळी अच्छन धुतलेला शर्ट घालून कोणाला काही न सांगता बाहेर पडले. दिवेलागणीला परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या कानात फणसाचं भलंमोठं पान लटकत होतं.

"हरलात?" शायनीने विचारलं.

"तुझ्यामुळे," अच्छन म्हणाले. "वर्की खोकला. इतकी वर्षं तो खोकला की मी मोठं पान टाकायचो. आज मला वाटलं, खाली जायचंय. टाकली सत्ती, सगळ्यांत छोटी."

"आणि हातातली बाकीची पानं?"

अच्छननी उजवा हात तिच्यासमोर धरला आणि बोटं उघडमीट करून दाखवली. "एकही सांडलं नाही," ते म्हणाले. "उद्या पुन्हा बोलावलंय." मग ते जेवायला बसले, आणि कानातलं पान त्यांनी झोपेपर्यंत कोणाला काढू दिलं नाही.