तीन कडांची परीक्षा

निवृत्त झाल्यावर भूमितीच्या सरांनी गच्चीवर दोन वर्ग भरवले. एका ट्रेवर खडूनं लिहिलं ‘पाचवी अ’, दुसऱ्यावर ‘पाचवी ब’. अ वर्गात माळावरच्या गवताचं बी, ब वर्गात ओढ्याकाठच्या लव्हाळ्याचं. बी सरांनी स्वतः हिंडून गोळा केलेलं, स्वतः पाखडलेलं. रोज सकाळी हजेरी, मग प्रत्येक वर्गाला एक तांब्या पाणी. थेंब जास्त नाही.

“अहो, ओढ्याकाठचं रोप ते. जरा सढळ हातानं घाला की,” बायको म्हणायची.

“लाड केले की पोरं शेफारतात.”

या शिस्तीला कारण होतं. गावातल्या शाळेच्या तळ्याचा काठ दरवर्षी ढासळत होता. लव्हाळ्याची मुळं माती धरून ठेवतात, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी सरांकडे साठ रोपं मागितली होती. पाचवीत मुलं साठ, प्रत्येकाच्या हाती एक रोप. बाई सरांच्याच विद्यार्थिनी. “एकही कमी पडणार नाही,” सर म्हणाले होते, आणि सरांनी शब्द मोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

दोन महिन्यांत रोपं वीतभर झाली. पण पेरणीच्या दिवशीच वारा सुटला होता आणि अ वर्गातलं बरंचसं बी उडून ब वर्गात जाऊन बसलं होतं. आता कोण कुठलं ते कळेना. निवड करायची, तर नेमकी सरांच्या बहिणीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली. आठवडाभर जाणं भाग होतं. शनिवारी लागवड, सर परतणार शुक्रवारी. त्यांनी बायकोसाठी फळ्यावरच्या अक्षरात सूचना लिहून ठेवली : ‘ब वर्गातील प्रत्येक दांडा बोटांत फिरवून पाहणे. तीन कडा लागल्यास लव्हाळा, ठेवणे. न लागल्यास गवत, काढणे.’

दुसऱ्या दिवशी बायको पाट घेऊन बसली. मदतीला खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई. तिची बोटं इतकी तयार की कापडाचं सूत हातानं ओळखायची. तिनं एक रोप फिरवलं, दुसरं फिरवलं.

“ताई, कडा कसल्या? हे तर चपटंय!”

“सगळीच चपटी?”

“सगळीच. कोपऱ्यातली ही चार सोडून. या चौघांना बघा कशा तीन धारा लागतात!”

सूचनेत चपट्याचा उल्लेख नव्हता. बायकोनं फोन लावला. सर तेव्हा बहिणीच्या डोळ्यात थेंब घालत होते.

“अहो, रोपं चपटी लागतायत.”

“चपटी म्हणजे? त्रिकोण आहे का नाही?”

“नाही. पण मी काय म्हणते...”

“नाही ना? मग नापास! काढून टाक. अगं, हलू नकोस, डोळ्यात घालतोय!” हे शेवटचं बहिणीला.

चार वगळता सगळा ब वर्ग नापास झाला.

शुक्रवारी संध्याकाळी सर गच्चीवर आले आणि ट्रेसमोर मटकन बसले. चार टगे ऐटीत उभे होते. सरांनी त्यांना लांबूनच ओळखलं. मातीतून आपसूक उगवून एवढ्यातच फुलोऱ्याचा दांडा धरलेला तो मोथा होता, लव्हाळ्याचा वाया गेलेला चुलतभाऊ. एकदा जमिनीत शिरला की सात पिढ्या हलत नाही. आणि मग दोन महिन्यांत जे आठवायला हवं होतं ते आत्ता आठवलं : लव्हाळ्याच्या तीन कडा असतात त्याच्या फुलोऱ्याच्या दांड्याला. वयात आल्यावर. लहानपणी सगळीच पोरं चपटी.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. रोपं न्यायला मुख्याध्यापिकाबाई रिकामे क्रेट घेऊन आल्या होत्या. सर उठून उभे राहिले, विद्यार्थ्यासारखे.

“बाई, माझं चुकलं. पोरं ज्या इयत्तेत पोचलीच नव्हती, त्या इयत्तेची परीक्षा मी घेतली. सगळे नापास केले. उद्या साठ मुलांना काय सांगू?”

“आधी नळाखालचा टब बघा,” बायको मागून म्हणाली.

गच्चीवरचा नळ वर्षभर गळत होता आणि त्याखाली कपड्यांचा जुना टब कायम भरलेला असायचा. त्यात हिरवंगार रान माजलं होतं. रोपं आठवडाभरात तरारून उठली होती, पांढऱ्या मुळ्यांनी एकमेकांचे हात धरले होते. काही मात्र पिवळी पडून कडेला आडवी झाली होती.

“हे... कुणी?”

“मीच. नापास झाली म्हणून काय पोरांना रस्त्यावर टाकायचं?”

बाईंनी पिवळं रोप उचलून पाहिलं. “हे गवत, पाण्यात कुजलंय. आणि उभं आहे तो सगळा लव्हाळा. सर, निवड टबानंच करून दिली!” मग रोपं मोजून क्रेटमध्ये भरता भरता त्यांनी विचारलं, “तुम्ही पाणी किती घालत होता?”

“एक तांब्या. वेळेवर.”

“वाटलंच. आम्हालाही तुमचा तास संपेपर्यंत पाणी नसायचं.”

बायको तोंडाला पदर लावून हसली. साठ भरली, वर अकरा उरली.

“आणि हे चौघं?” बाईंनी मोथ्याकडे बोट दाखवलं.

“ते गुणवत्ता यादीतले,” बायको म्हणाली. “त्यांना मी बघते.” आणि तिनं खुरपं उचललं.

शनिवारी तळ्याकाठी साठ मुलं चिखलात बसली होती. सर प्रत्येकापाशी थांबून खड्डा किती खोल, माती कशी दाबायची ते सांगत होते. अर्धी रांग झाली तेव्हा एका मुलीनं चिखलानं माखलेला हात वर केला.

“सर, पाणी पिऊन येऊ?”

सरांचा हात सवयीनं नकारासाठी उठला. समोर लव्हाळा घोट्याएवढ्या पाण्यात मजेत डोलत होता. हात हळूच खाली आला.

“जा. सगळेच जा,” सर म्हणाले. “आणि येताना माझ्यासाठीही एक तांब्या आणा. भरून.”