बोलत नाही म्हणजे पाणी आहे

शहाडच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुदेश बोलायला उभा राहिला, तो टाळ्या घेऊनच बसला. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तो सेन्सर बनवायचा, आणि तसलेच तीन बिनवायरचे सेन्सर त्याने तिन्ही विंगच्या टाक्यांना हौसेने लावले होते.

“बॅटरी पाच वर्षं हलणार नाय! हे उगाच बडबड करत नाहीत. टाकी अर्ध्याखाली गेली तरच मोबाइलवर मेसेज. बोलत नाही म्हणजे पाणी आहे!”

“मग देवरामचं वर चढणं बंद?” सेक्रेटरी योगिनीताईंनी विचारलं. देवराम वॉचमन. दिवसातून चारदा गच्चीवर जाऊन टाक्यांत डोकावायचा आणि खाली येऊन पंप लावायचा.

“एकदम बंद!”

तीन आठवडे एकही मेसेज नाही आणि एकदाही पाणी गेलं नाही. सुदेश बिल्डिंगमध्ये असा काही चालू लागला की विचारू नका. शनिवारी मात्र त्याने देवरामला गच्चीच्या जिन्यात पकडलं.

“काय रे, माझ्या मशीनवर भरवसा नाय?”

“तसं नाय सायेब, सवय हाय…”

“सवय सोड! परत वर दिसलास तर बघ!” तेही चार लोकांदेखत. देवराम बिचारा मान खाली घालून उतरला.

रविवारी केशरबाईंच्या नातीची, संचिताची हळद. अकरा वाजता नवरी पिवळी, पाहुणे पिवळे, केशरबाई कोपरापर्यंत पिवळ्या, आणि नळातून नुसती हवा.

“अगं बाई! संध्याकाळी लग्न, पोरीला अशीच मांडवात बसवू? कुठंय तो बॅटरीवाला?”

बॅटरीवाला धापा टाकत गच्चीवर पोचला. टाकी कोरडी ठणठणीत. त्याने सेन्सर उघडला. नव्या घड्याळात असते तशी बॅटरीखालची प्लॅस्टिकची पट्टी जागच्या जागी! बसवेपर्यंत बॅटरी फुकट जायला नको म्हणून त्यानेच ठेवलेली, ती काढायचीच राहिली. तिन्हींत. म्हणजे इतके दिवस पाणी देवराम भरत होता, आणि त्यालाच काल आपण… सुदेशला टाकीत उतरून वरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं.

पंप लावून देवरामही वर आला होता. त्याने पट्टी पाहिली, सुदेशचं तोंड पाहिलं.

“काय झालं हो?” खालून योगिनीताई ओरडल्या.

“काय नाय!” देवराम कठड्यावरून म्हणाला. “मशीन बरोबर हाय. मीच पंप लावायचा विसरलो!”

मग केशरबाईंनी देवरामचा जो उद्धार केला, तो तीन विंगनी ऐकला. सुदेशही ऐकत होता. शेवटी राहवेना.

“ओ केशरबाई, त्याला नका बोलू! चूक माझी आहे. बॅटरी चालूच केली नव्हती मी!”

खाली कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळी सोसायटी खोखो करत सुटली.

सुदेशने मान वर न करता पट्टीला हात घातला. देवरामने त्याचा हात धरला.

“राहू द्या ना सायेब,” तो हळूच म्हणाला. “इतके दिवस बॅटरी वाचलीय, आता कशाला वाया घालवता?”