अर्धं निदान

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. डॉक्टर माणसाने स्वतःची फजिती छापायला देऊ नये, पेशंट यायचे बंद होतात! पण गुंडो म्हणाला, "तू लिही, नाहीतर मी सांगत सुटतो." आणि गुंडो सांगतो ती गोष्ट दर वेळी वाढते. त्याच्या तोंडून मी आतापर्यंत दोन पेशंट मारलेत! म्हणून मीच लिहितोय. त्याच्याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, लाईट असेल तेवढा वेळ, दोन बोटांनी. टायपिंग माझं मीच शिकलो. कन्नडही माझं मीच शिकलो होतो, आणि घोटाळा तिथेच झाला!

मी श्रीरंग, नागपूरचा. एमबीबीएस झालो, पीजीच्या परीक्षेत दोनदा आपटलो, आणि बंगलोरला आलो. इथल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिसिनची रेसिडेन्सी मुलाखतीवर देणार होते. जागा एक. मिळाली तर मी फिजिशियन. नाही मिळाली तर परत नागपूर, आणि उमाकांतकाकांचा मूळव्याधीचा दवाखाना! काकांनी तर बोर्डही रंगवून घेतला होता. 'मूळव्याध, भगंदर. डॉ. उमाकांत आणि पुतण्या.' माझं नावसुद्धा नाही हो! नुसतं पुतण्या!

बाबांचा फोन यायचा. "काहून रे, होऊन राहिलं का तिथं काही? नसल तर ये निघून. काका बोर्ड घेऊन बसले आहेत."

मला रात्रंदिवस तो बोर्ड दिसायचा.

गुंडो म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंचा, वसुमतीअक्कांचा मुलगा. जे. पी. नगरात त्यांच्या वरच्या खोलीत मी राहायचो. घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. त्यांच्या घरात मराठी आणि कन्नड दारातल्या चपलांसारख्या, कुठली कुणाची ते घरच्यांनाच कळावं. आणि गुंडो म्हणजे वावटळ! उभ्याने जेवतो, धावत बोलतो, आणि स्कूटर अशी हाकतो की सिग्नलसुद्धा घाबरून हिरवा होतो.

त्यानेच माझी तयारी करून घेतली.

"विचारणार तुला, तूच का? काय सांगणार?"

"मी कष्टाळू आहे. मला सेवेची आवड आहे..."

"अय्यो! हे तर हॉस्पिटलचं मांजरही सांगेल! तुझ्याकडे काय आहे बोल, जे दुसऱ्याकडे नाही?"

"मूळव्याधीचे काका."

"कन्नड रे! होसकोटे, देवनहळ्ळीकडचे लोक येतात तिथे. बाहेरून आलेला डॉक्टर कन्नड बोलतो म्हटल्यावर सीट खिशात!"

आता माझं कन्नड ऐका. मी ते कंडक्टरकडून शिकलो होतो. 'मुंदे होगी' म्हणजे पुढे सरका. 'मुंदे बन्नी' म्हणजे पुढे या. 'इळीरी' म्हणजे उतरा. 'चिल्लर कोडी' म्हणजे सुटे द्या. बस! अक्षरशः बस! बसच्या बाहेरचं एक वाक्य येत नव्हतं.

"चालेल," गुंडो म्हणाला. "अडलं की सरी म्हण. सरी म्हणजे ठीक आहे. स्वल्प प्रेमाने म्हण. सरी म्हणणाऱ्यावर आमच्याकडे कोणी रागवत नाही."

मग मी एक वाक्य तयार केलं. 'अर्धं निदान पेशंटच्या भाषेत असतं!' काय वाक्य! आरशासमोर उभं राहून मी ते डावीकडून म्हटलं, उजवीकडून म्हटलं, चष्मा काढून म्हटलं. दारातून अक्का बघत होत्या.

"वाक्य बरं आहे रे," त्या म्हणाल्या. "पण पेशंट बोलायला लागला तर?"

मी हसलो. पेशंट मुलाखतीत कशाला बोलेल!

मुलाखतीच्या दिवशी गुंडोने मला स्कूटरवरून असं पोहोचवलं की टाय पाठीवर आणि जीव पोटात. बाहेर दुसरा उमेदवार बसला होता, निहार म्हणून. गोल्ड मेडल. त्याला घाम म्हणून येत नव्हता! मला दोघांचा येत होता.

आत दोघं जण. डॉ. पद्मावती, मेडिसिनच्या प्रमुख. नजर अशी की हॉस्पिटलने एक्स-रे मशीन उगाच घेतलं असं वाटावं. शेजारी सर्जन डॉ. अजित, बिस्किट चहात बुडवण्याचं ऑपरेशन करत होते. बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगतो.

"तुम्ही या जागेला योग्य का?" मॅडमनी विचारलं.

मी चष्मा काढला. "मॅडम, अर्धं निदान पेशंटच्या भाषेत असतं. मी बाहेरचा आहे, पण कन्नड शिकलोय. माझं मी!"

डॉ. अजितांचं बिस्किट चहात पडलं. मॅडम पहिल्यांदा हसल्या. मी मनातल्या मनात काकांच्या बोर्डावर चुना मारला!

"छान," मॅडम उठल्या. "चला मग वॉर्डात."

"व... वॉर्डात?"

"अर्धं निदान करून दाखवा. उरलेलं अर्धं आम्ही करू."

त्या कॉरिडॉरमधून चालताना माझे पाय मागे आणि मी पुढे असं चाललं होतं. डोक्यात एकच जप. सरी, सरी, सरी.

वॉर्डात खाटेवर एक म्हातारी बाई बसल्या होत्या. देवनहळ्ळीच्या अनुसूयम्मा. हाताला सलाईन, उशाशी सून. पलीकडच्या खाटेवर कोणीतरी डोक्यावरून चादर ओढून झोपलं होतं.

"विचारा त्यांना, काय होतंय. कन्नडमध्ये," मॅडम म्हणाल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

मी तोंड उघडलं आणि आतून कंडक्टर बाहेर आला.

"अम्मा... मुंदे बन्नी!"

अनुसूयम्मा बिचाऱ्या गोंधळून खाटेवरच थोड्या पुढे सरकल्या. डॉ. अजितना ठसका लागला. पण मग बाई बोलायला लागल्या. आणि काय बोलायला लागल्या! ब्रेक फेल झालेली बसच! एकही स्टॉप नाही! मी मधे मधे हात वर करून 'सरी, सरी' म्हणत होतो. शेवटी त्यांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी.

"मनेगे होगला?"

मी कान टवकारले. हे मला कळलं! होग म्हणजे जाणं, ते बसमध्ये होतं. आणि मने म्हणजे मन! मन कुठंतरी जातंय! बाईंचं दुखणं शरीराचं नाहीच!

"सरी, अम्मा," मी प्रेमाने म्हणालो.

"सरी?" त्यांचा विश्वास बसेना.

"सरी! सरी!"

बाईंचा चेहरा जो उजळला! त्यांनी सुनेला हाक मारली. सुनेने खाटेखालची पिशवी ओढली, त्यात तांब्या गेला, फणी गेली, पांघरूण गेलं. मी अभिमानाने मॅडमकडे वळलो.

"मॅडम, मन उदास आहे. दोन शब्द बोललो तर बघा, किती हुशारी आली!"

"येणारच," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आत्ताच त्यांना घरी सोडलंत. मने म्हणजे घर."

माझ्या डोळ्यांपुढे बोर्ड आला. पुतण्या, पुतण्या, पुतण्या!

मी वळलो तर अनुसूयम्मांचे पाय खाली! सलाईनची नळी ताणलेली, बाई उभ्या राहून डुलतायत, आणि सुनेने किंकाळी फोडली.

"निधाना! निधाना!"

तिकडून सिस्टर धावली. तीही ओरडली, "निधाना!"

निधन!!

मंडळी, तुम्ही मराठी आहात. तुमची शपथ घालून विचारतो, भर वॉर्डात दोन बाया 'निधन, निधन' ओरडल्या तर तुम्हाला काय वाटेल? अनुसूयम्मा तर उभ्या आहेत, म्हणजे त्यांचं नाही. मग कुणाचं? मी गर्रकन वळलो. पलीकडच्या खाटेवर... डोक्यावरून चादर! हालचाल नाही!

वाटलं, श्रीरंगा, हीच वेळ! गेलेली सीट परत मिळवायची असेल तर आत्ता! मी एका उडीत त्या खाटेवर चढलो, चादरीवरून छाती शोधली आणि दोन्ही हातांनी जोरात दाबली. एकदा. दुसऱ्यांदा दाबणार तोच चादरीतून हात आला आणि माझ्या कानाखाली असा बसला की मला पुणेरी पाट्या कन्नडमध्ये दिसल्या!

"मेल्या! माझ्या छातीवर काय नाचतोस रे! साखर वाढली म्हणून आलो, जीव घ्यायला बसलेत इथे!"

शुद्ध मराठीत! म्हातारबुवांचं नाव विठोजीराव. गुंडोसारखेच तीनशे वर्षांचे बंगलोरी. डासांसाठी चादर घेऊन झोपले होते.

सिस्टरने अनुसूयम्मांना परत खाटेवर बसवलं, त्या आता खरोखर उदास झाल्या होत्या. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"नाडी पाहिलीत?"

"नाही, मॅडम."

"श्वास?"

"नाही."

"मग काय पाहिलंत?"

"ऐकलं, मॅडम. निधन. आमच्याकडे निधन म्हणजे... गेले."

"निधाना म्हणजे हळू. सांभाळून. त्या सासूला सांगत होत्या."

मी खाटेवरून उतरलो. निधाना उतरलो. आता लपवायचं काय होतं!

"मॅडम, मला कन्नड येत नाही. बस येते फक्त. पण आज दोन शब्द शिकलो, ते मरेपर्यंत विसरणार नाही."

"उरलेले शब्द असेच शिकणार?" मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे एवढ्या खाटा नाहीत."

बाहेर गुंडो स्कूटर चालू ठेवूनच उभा होता. घरी येऊन सगळं सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "गुरू, निधाना माहीत नाही तुला? लहान पोराला येतं!"

"तू कधी म्हणालास माझ्यासमोर?"

अक्का आतून म्हणाल्या, "तो कुठला म्हणेल! जन्मात एक गोष्ट निधाना केली नाही त्याने. नऊ महिने थांबायचं तर सातव्यात आला!"

मी बॅग भरायला घेतली. बाबांना कळवायचं धैर्य होत नव्हतं. फोन वाजला की वाटायचं, काका. तीन दिवसांनी वाजला, अक्कांनी उचलला, आणि हाताने मला खूण केली. मॅडम!

"सोमवारी रुजू व्हा."

"मॅडम, म्हणजे मी... माझ्यात तुम्हाला काय..."

"निहारला दिल्लीला जागा मिळाली. उमेदवार दोनच होते." फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि विठोजीरावांची छाती अजून दुखते. रोज तुम्हीच बघायची. आधी नाडी."

नागपूरला फोन केला. बाबांना भरून आलं. काका म्हणाले, "अभिनंदन! पण बोर्ड पुसत नाही मी. राहू दे. तुझं काही सांगता येत नाही."

आता हॉस्पिटलात सगळे मला डॉक्टर निधाना म्हणतात. कोणी लांबून हाक मारली की मी अजूनही आधी चादरी बघतो.

गुंडोने मात्र या प्रकाराचा भलताच धसका घेतला. स्कूटर हळू चालवतो, बसून जेवतो. त्यात त्याला पुण्याचं स्थळ आलंय, भार्गवी नावाची मुलगी, इथेच कॉम्प्युटर कंपनीत आहे. येत्या रविवारी तिचे आई-वडील पुण्याहून येणार. मुलगा फार धांदरट आहे असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय, म्हणून गुंडोने एक वाक्य तयार केलंय. काल आरशासमोर म्हणत होता. डावीकडून, उजवीकडून.

"आधी मी फार जोरात होतो, काका. पण आता माझं पूर्ण निधान झालंय!"

मी त्याला वचन दिलंय. रविवारी मी त्याच्या शेजारीच बसणार, आणि ते वाक्य ओठावर आलं रे आलं की दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर! नाडी न बघता!